पौर्णिमेची दुपार

नवरात्र उठले की मी वहीचे कोरे पान घेतो आणि वर लिहितो, वाळवणी. त्याखाली बांबू, काथ्याची दोरी, खुंट्या, माडाचे झाप, पिण्याच्या पाण्याचे हंडे, आणि कोणत्या घरची बाई कोणत्या ओळीवर हे सगळे येते. आठवडाभर अलिबागच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवायचा आणि शनिवारी दुपारी किहीमच्या पुढच्या आमच्या कोळीवाड्यात येऊन ही यादी एकेक ओळ खोडत संपवायची, असा माझा कार्तिक जातो. यंदाही खाडीपलीकडच्या वाळूवर बांबू उभे राहिले, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि परवा होड्या बोंबील घेऊन आल्या.

बोंबील टांगायची एक रीत आहे. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही. पहिल्या दिवशी ती ओळ ओल्या धोतरासारखी लोंबत असते, आरपार उजेड दिसतो. तिसऱ्या दिवशी वारा आला की तिच्यातून कोरडा, बारीक आवाज येऊ लागतो. वास मात्र पहिल्या दिवसापासून असतो. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो, वहीच्या पानांतही बसतो. ज्यांना हा वास सोसत नाही त्यांच्यावर माझा राग नाही. एका माणसावर आहे. पंधरा वर्षे उन्हात टाकूनही तो राग सुकलेला नाही, आणि सुकावा असे मला कधी वाटलेही नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या गावचे खोत, तात्यासाहेब. ज्या वर्षी मी मुंबईहून इतिहास घेऊन बी. ए. झालो त्या वर्षी हिरूआते मला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेली. आई लहानपणीच गेल्यामुळे मला या आतेनेच वाढवले. डोक्यावर मासळीची पाटी वाहून तिने मला शिकवले, आणि त्या दिवशीही तिच्या डोक्यावर पाटी होती, खोतांकडे द्यायच्या पापलेटांची. ओटीवर झोपाळा होता. झोपाळ्यावर तात्यासाहेब होते. आम्ही खाली अंगणात.

"काय घेतलंस रे गण्या?" त्यांनी विचारले.

"इतिहास."

"इतिहास?" ते कारकुनाकडे बघून हसले. "कोळ्याला कसला रे इतिहास? काल धरलेले मासे आणि आज वाळलेले मासे. झाला की तुमचा इतिहास."

कारकून हसला. मला वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. आतेही हसली. तिला तो विनोद कळला नव्हता, पण ओटीवरचे लोक हसले की अंगणातल्यांनी हसायचे, ही तिची सवय होती. परत येताना ती म्हणाली, "चांगलं बोलले ना खोत?" मी हो म्हटले. घरी आल्यावर मी वही काढली आणि ते वाक्य शब्दन् शब्द उतरून ठेवले. तारीख घातली, तिथी घातली, कोण कोण हजर होते ते लिहिले. तेव्हा मला समजले की मी इतिहास शिकलो आहे.

कॉलेजात या विषयाला मुले दोनच कारणांनी येत. एक, वकिलीच्या आधी काहीतरी करायचे म्हणून. दुसरे, गणित येत नाही म्हणून. मी तिसऱ्या कारणाने आलो. मला यादी आवडे आणि इतिहास ही मला मोठी यादीच वाटली. हा भ्रम आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच महिन्यात मोडला. ते उंच, खोकणारे गृहस्थ होते. वर्गात एक जुने पत्र फळ्यावर उतरून काढत आणि म्हणत, कोण लढले ते नंतर सांगा. हे लिहिणारा लिहिताना कुठे उभा होता ते आधी सांगा. त्याला ही गोष्ट तिथून दिसत होती का? ऐकू येत होती का? त्या वेळी तो तिथे असणे शक्य होते का? मुले कंटाळत. एकजण एकदा म्हणाला, "सर, हा पोलिसाचा धंदा झाला." सर म्हणाले, "पोलीस जिवंत माणसांना विचारतात. त्यांचं काम सोपं."

मुंबईतल्या थंडीचे दिवसही मला इथल्यासारखेच वासाने आठवतात. ग्रंथालयात जुन्या कागदाचा वास असे, खारट आणि किंचित कुजका. शेजारच्या मुलांना तो नकोसा होई. मला त्या वासात चार तास सहज बसता येई. माझी ट्रंक उघडली की खोलीतले मित्र खिडकी उघडत, कारण आते रेवसच्या बोटीने दर महिन्याला सुके बोंबील पाठवी. मी त्यांचीही नावे लिहून ठेवली होती. त्यांतल्या दोघांना पुढे प्रकृतीसाठी मासळीच खावी लागली, हे मला कळले तेव्हा बरे वाटले. मी उदार माणूस नाही, हे वाचकाने आताच ध्यानात घ्यावे.

अंगणातल्या त्या प्रसंगानंतर वर्षभरात, याच हंगामात, मामलेदार कचेरीतून कोळीवाड्याला कागद आला. तात्यासाहेबांनी अर्ज केला होता. खाडीपलीकडची वाळवणीची जागा मूळची खोतांची आहे, कोळी तिच्यावर उगाच बांबू रोवतात, ते काढून टाकावेत, असे त्यात म्हटले होते. कारण सगळ्यांना ठाऊक होते. किहीमकडे तेव्हा मुंबईच्या शेटलोकांचे बंगले होऊ लागले होते आणि एका शेटजींना समुद्राची हवा हवी होती, बोंबलाच्या वासाशिवाय.

ती जागा गेली तर काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. आमच्या बाजूला माडांची दाट सावली आहे. सावलीत बोंबील वाळत नाही, सडतो. उघडी, कडक, वाऱ्याची वाळू तेवढी खाडीपलीकडे आहे. आमच्या बायका ओहोटीला खाडी पायी ओलांडून पाट्या घेऊन तिकडे जातात आणि भरती आली की होडीने परत येतात. चाळीस घरे त्या वाळूवर जगत होती. ती गेली असती तर निम्मी घरे भाऊच्या धक्क्यावर हमालीला गेली असती आणि उरलेली खोतांच्या वाडीत पाणी शिंपायला.

अर्जासोबत तात्यासाहेबांनी एक जुना मोडी कागद जोडला होता. मी कचेरीत बसून त्याची नक्कल करून घेतली आणि अस्सलही तासभर न्याहाळला. सरांनी शिकवलेले सगळे प्रश्न मी त्याला क्रमाने विचारले. कागद जुना होता, कुठल्यातरी दप्तरातले कोरे पान असावे. शाई तपकिरी पडली होती. वळण त्या काळचे होते. शिक्का होता. मजकूर असा की, कार्तिक शुद्ध पौर्णिमेस, दोन प्रहरी, अंमलदार जातीने मचव्यातून येऊन खाडीच्या तोंडाशी उतरले. गावचे पंच समस्त जमले. अंमलदारांच्या समक्ष पंच तेथूनच खाडी पायी उतरून पलीकडे गेले आणि शिवेचा धोंडा रोविला, पलीकडील वाळू समग्र खोतांचे दुमाला केली, म्हणजे त्यांच्या ताब्यात दिली. कागद खोटा आहे याची मला खात्री होती. खात्रीला पुरावा मात्र नव्हता. घरी येताना मला पहिल्यांदा वाटले की चार वर्षे वाया गेली.

कोळीवाड्याचे कारभारी धाकू नाखवा होते. तीन होड्यांचे धनी, सरळ माणूस. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्यानं एक कागद केला. आपन दोन करू."

"म्हणजे?"

"तुला मोडी येतंय ना? लिव. आमच्या आजाच्या आजाला ही जागा मिलाली. राजाचा शिक्का घाल. खोताच्या कागदापेक्षा शंबर वर्सं जुना कर."

मी त्यांना नको म्हटले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ते आवडले. खोटा कागद कसा ओळखायचा हे ज्याला शिकवले आहे, त्याला तो कसा करायचा हे वेगळे शिकवावे लागत नाही. मी लगेच यादी केली. कोरे जुने पान, बाभळीच्या सालीची शाई, बोरू, धुरी द्यायला शेगडी, शिक्क्याला लाकूड. साक्षीदारांची नावे कुठल्या घराण्यांतली घ्यायची तेही ठरवले. दोन दिवसांत सगळे सामान जमले. इतके नीट काम मी परीक्षेसाठीही केले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूवर, बोंबलांच्या ओळीखाली घोंगडी टाकून बसलो. जुन्या भाषेचा घाट जमावा म्हणून तात्यासाहेबांच्या कागदाची नक्कल मोठ्याने वाचू लागलो, नमुना म्हणून. आते शेजारी बोंबील अडकवत होती. तिचे लक्ष हाताकडे होते, कान माझ्याकडे असावा.

"पुना वाच," ती म्हणाली.

"काय?"

"ते चालत गेले ते."

मी वाचले. कार्तिक शुद्ध पौर्णिमेस, दोन प्रहरी, पंच खाडी पायी उतरून पलीकडे गेले.

आतेने हातातली जोडी दोरीवर टाकली आणि माझ्याकडे पाहिले. "पुनवेला? दुपारा?"

"हो."

"पोरा, तू कोलीच ना?"

मी समोर पाहिले. खाडी समोरच होती. कोळ्याच्या घरात मुलाला पाढ्यांच्या आधी एक हिशेब येतो. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती पुरी. पौर्णिमा पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला दुपारी बाराला आमच्या खाडीच्या तोंडाशी उभ्या माणसाच्या गळ्याला पाणी असते, आणि तेही उधाणाचे. त्या वेळी ती पायी कोणी ओलांडत नाही, कोळी तर नाहीच. हे मला येत होते. सात वर्षांचा असताना येत होते. चार वर्षे मुंबईत कागद वाचायला शिकलो, आणि या कागदातली खाडी मला कागदावरची खाडी वाटली. ती आमची, रोजची, पाट्या घेऊन ओलांडायची खाडी आहे हे माझ्या डोक्यात आलेच नाही. लिहिणारा कुठे उभा होता, हा प्रश्न मी पाठ केला होता. वाचणारा कुठे उभा आहे, हे स्वतःला विचारायचे राहून गेले होते.

तात्यासाहेबांनी पौर्णिमाच का निवडली, हेही मला तिथेच बसल्या बसल्या कळले. ते पौर्णिमेला संध्याकाळी मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन चंद्रोदय पाहायला किनाऱ्यावर येत. पौर्णिमेला सहाच्या सुमारास ओहोटी पुरी असते, खाडीच्या तोंडाशी नुसती वाळू दिसते. जन्मभर त्यांनी पौर्णिमेची खाडी कोरडी पाहिली होती. ती सहा तास आधी कशी असते हे पाहायला ते कधी आलेच नव्हते. दुपारी किनाऱ्यावर ऊन असते आणि बायका बोंबील टांगत असतात.

मी शाई वाळूत ओतली. त्यात काही सात्त्विक नव्हते. खोट्या कागदाने जिंकलो असतो तर जागा राहिली असती, पण तात्यासाहेबांना मनातल्या मनात म्हणता आले असते की हाही माझ्यासारखाच. मला त्यांना तेवढीही सोय ठेवायची नव्हती.

धाकू नाखवा वैतागले. "कागद तयार होत आला आनि आता नको म्हनतंस?"

"नको. त्यांचाच पुरेल."

मग मी अर्ज लिहिला. माझ्या हातून लिहिलेल्या सगळ्या कागदांत तो मला अजून जास्त आवडतो. भाषा अत्यंत नम्र. जागेची पाहणी व्हावी, आणि उभय पक्षांना समजुतीस सोपे जावे म्हणून ती मूळ कागदात नमूद केलेल्या तिथीस व प्रहरीच व्हावी, इतकेच मागितले. मामलेदार रावसाहेब देशावरचे, म्हातारे, सावकाश वाचणारे. त्यांना ही विनंती रास्त वाटली. तात्यासाहेबांनाही हरकत घेण्यासारखे त्यात काही दिसले नाही. कार्तिकी निघून गेली होती, म्हणून पौषी पौर्णिमा ठरली.

त्या दिवसाची तयारी मी लग्नासारखी केली. रावसाहेबांना सावलीला झापांचा मांडव. वीस शहाळी. पिण्याचे पाणी किहीमच्या गोड्या विहिरीचे. तात्यासाहेबांसाठी धाकू नाखवांच्या घरची खुर्ची, जिचे तोंड मी मुद्दाम खाडीकडे करून ठेवले. बायकांना बजावले की कोणी हसायचे नाही. आतेला दोनदा बजावले.

पावणेबाराला सगळे जमले. आकाश स्वच्छ, वारा नाही, आणि खाडी काठोकाठ. पाणी इतके भरले होते की ते हलतही नव्हते. पलीकडे बोंबलांच्या ओळी पांढऱ्या दिसत होत्या. तात्यासाहेब छत्रीखाली आले, खुर्चीकडे पाहिले आणि बसले नाहीत. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय झाले ते मी अगदी जवळून पाहिले. ते पाहण्यासाठीच मी त्या जागी उभा होतो.

रावसाहेबांनी चष्मा लावला. "तात्यासाहेब, कागदातली खाडी ती हीच?"

"हीच."

"दुसरी कुठली नाही?"

"नाही. या शिवेला एकच."

रावसाहेबांनी कागद वाचला, पाण्याकडे पाहिले, परत वाचला. "पायी उतरून," ते म्हणाले. मग खोतांच्या कारकुनाला म्हणाले, "जरा उतरून दाखवता का?" कारकुनाने तात्यासाहेबांकडे पाहिले. तात्यासाहेबांनी कुठेच पाहिले नाही.

"जुनी गोष्ट आहे," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा खाडी उथळ असेल. वाळू सरकते."

हे उत्तर येणार हे मला माहीत होते. ते वाईट उत्तर नव्हते. मी म्हणालो, "रावसाहेब, दोन ओळी वरचं वाचावं."

त्यांनी मोठ्याने वाचले. अंमलदार जातीने मचव्यातून येऊन खाडीच्या तोंडाशी उतरले. पंच तेथूनच पायी उतरून. मग त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "म्हणजे मचवा तरंगला," ते म्हणाले, "आणि पंच चालले. एकाच जागी, एकाच प्रहरी."

मागून आतेचा आवाज आला. "रावसाहेब, पंच व्हते का चिंबोऱ्या?"

चाळीस घरच्या बायका एकदम हसल्या. मी बजावलेले सगळे वाहून गेले. रावसाहेबांनी मिशीवर हात ठेवला. मी तात्यासाहेबांपुढे झालो, खुर्ची पुसली आणि म्हणालो, "आपण बसावं. चार तासांत पाणी उतरेल, मग पंचांसारखं जाता येईल." ते बसले नाहीत. वळले आणि वाळूतून चालू लागले. त्यांचा जोडा मऊ वाळूत रुतत होता आणि छत्रीवाला मागून धावत होता. ते माडांआड जाईपर्यंत मी पाहत राहिलो. त्यानंतर माझे लग्न झाले, मुले झाली, नोकरी पक्की झाली. तसा निखळ आनंद परत झाला नाही.

कागद विश्वासास पात्र नाही, बांबू आहेत तिथे राहावेत, असा निकाल झाला. शेटजींनी दुसरीकडे हवा शोधली.

कॉलेजात इतिहास कशाला शिकायचा, असे पालक मला दर वर्षी विचारतात. वकिलीने घर चालते, डॉक्टरीने माणसे वाचतात, याने काय होते? मी सभेत बोलायचे ते बोलतो, देशाभिमान वगैरे. खरे उत्तर मी आजवर कोणाला दिले नव्हते. खरे उत्तर असे की माझ्यासारख्या माणसाजवळ ओटीवरच्या माणसाला गाठायला दुसरी वाट नव्हती. त्याच्याकडे जमीन होती, कारकून होता, कचेरीत ओळख होती आणि जुना कागद होता. माझ्याकडे फक्त त्या कागदाला विचारायचे प्रश्न होते. परवापर्यंत मी शपथेवर सांगितले असते की त्या चार वर्षांची एवढीच किंमत आणि ती पुरी वसूल झाली.

तात्यासाहेब गेल्या कार्तिकात वारले. या कार्तिकात त्यांचे चिरंजीव वसंतराव माझ्याकडे अलिबागला आले. मुंबईत नोकरी करणारे, सौम्य गृहस्थ. चहा घेतला आणि म्हणाले, "वर्षश्राद्धाला बाबांचं छोटंसं चरित्र छापून वाटावं म्हणतो. सोळा पानं. तुम्ही लिहाल का? इकडे इतिहासाचे जाणकार तुम्हीच."

त्यांना त्या पौर्णिमेविषयी कितपत माहीत होते, कोण जाणे. मी लगेच हो म्हटले. त्यांना तो मोठेपणा वाटला असावा. मला समोर दिसत होते ते छापलेले पान, ज्यावर मचवा तरंगतो आणि पंच चालतात. चाळीस बायकांनी एकदा ऐकलेले हसू आता तालुकाभर वाटता येणार होते, आणि तेही खोतांच्या खर्चाने.

काम हाती घेतले की मी ते रीतीने करतो. गावात घरोघर जाऊन तात्यासाहेबांविषयी कोणाला काय आठवते ते लिहून घेतले. बहुतेकांनी मला हवे तेच सांगितले. मग धाकू नाखवांकडे गेलो. आता त्यांना नीट दिसत नाही. ते म्हणाले, "मानमोडीच्या सातीत त्यानं भाताची कोठी उघडली, ते लिवलंस का?"

मी लिहिले नव्हते. मला माहीतच नव्हते. तापाच्या त्या साथीत मी मुंबईला शाळेत होतो, बोटी बंद होत्या. नाखवा सांगत गेले. घरटी माणूस पडला होता, दर्यावर जायला कोणी उरले नव्हते. तेव्हा तात्यासाहेबांनी कोठी उघडून दिली, माप लावले नाही, आणि स्वतः गाडीबरोबर कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत येत. दीड महिना चुली त्या भातावर पेटल्या. मी आणखी पाच घरी विचारले. पाचही घरांनी तेच सांगितले, वेगवेगळ्या शब्दांत. पढवलेले नव्हते.

मी आतेकडे आलो. ती दोऱ्या गुंडाळत होती.

"आते, मानमोडीत खोतांनी भात दिला?"

"दिला."

"तू खाल्लास?"

"मंग? त्याच्यावरच जगले."

"पंधरा वर्षांत मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस कवा?" ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहून तिचा चेहरा बदलला. "ते कनाला लिवतंस? नको लिवू. लोक बोलतील, त्याचा भात खाल्ला नि त्यालाच हसली."

मी वाळूवर बसून राहिलो. मला सतावत होती ती एकच गोष्ट. त्या दुपारी, खाडीकाठी, सगळे हसत असताना, तात्यासाहेबांना एक वाक्य बोलता आले असते. हिला मी जगवली आहे, एवढेच. ते वाक्य खरे होते आणि त्याने हसू थांबले असते. ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत, हे मला माहीत नाही. गर्व असेल, लाज असेल, किंवा ती गोष्ट त्यांना आठवलीही नसेल. ते त्या वेळी कुठे उभे होते हे मी पंधरा वर्षे हातभर अंतराच्या हिशेबाने सांगत आलो होतो, मनाने कुठे उभे होते हे मात्र मला ठाऊक नव्हते.

काल वसंतराव मसुदा पाहायला आले. खोट्या कागदाच्या पानावर येताच त्यांचे कान लाल झाले. "हे गाळता आलं तर बरं. श्राद्धाला वाटायचं आहे."

"ते गाळायचं तर भाताचंही गाळावं लागेल," मी म्हणालो. "दोन्ही एकाच माणसानं केलं."

त्यांनी ते पान दोनदा वाचले. नंतर म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि मसुदा माझ्याजवळच ठेवून गेले. छापतील की नाही, मला ठाऊक नाही. आते सकाळपासून माझ्याशी बोलत नाही.

मी आज मसुद्याची स्वच्छ प्रत करायला घेतली. मचव्याचे पान पटकन उतरले, हात सवयीने चालला. भाताच्या वाक्याशी दोनदा थांबलो. कोठी उघडली, असे लिहिले. माप लावले नाही, असे लिहिले. या वस्तीतली बरीच माणसे, प्रस्तुत लेखकाची आते धरून, त्यामुळे वाचली, असेही लिहिले. हे वाक्य लिहून घ्यायला तात्यासाहेबांना माझ्यावर कसली जबरदस्ती करता आली नसती. ते मीच लिहिले आणि साक्षीदारांची सहा नावे खाली घातली.